पायाळू मॅडम

मॅडम पेशंट तपासायच्या त्या गॅलरीतून. खाली रिक्षा थांबली की हातातला चहाचा कप कठड्यावर ठेवून त्या वाकून बघायच्या. आधी कुठला पाय खाली आला, माणसानं रिक्षाची दांडी धरली की बायकोचा खांदा, वर बघताना मान वळवली की अख्खं अंगच फिरवलं, हे सगळं त्यांना तिथूनच कळायचं. जिना चढून माणूस वर येईपर्यंत त्यांचं अर्धं काम झालेलं असायचं. तो खुर्चीवर जपून टेकत म्हणायचा, "मॅडम, उठता-बसता येत नाही बघा." आणि मॅडम म्हणायच्या, "रिक्षातून तर टुणकन उतरलास की रं. मीच बघितलं." माणूस ओशाळायचा.

माझी पहिल्या दिवशी याहून वाईट गत झाली. मी आत गेलो तर त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

"फोनवर म्हणालास, ढोराचा डॉक्टर हाय. रिक्षातून उतरला तो माणूस तर काचेची बरणी घेऊन उतरल्यावानी उतरला. बरणी कुठाय?"

 बरणी म्हणजे मीच होतो, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळलं होतं.

नांदेडहून विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. आता तो बंद झाला, मॅडम लेकीकडे राहायला गेल्या. कंबर, गुडघे, मान धरून येणाऱ्या माणसांसाठी दवाखाना आणि तो वरच्या मजल्यावर, याबद्दल कुणी कुरकुर केली की त्या म्हणायच्या, "खाली घेतला असता तर तुमी जिना कवा चढला असता?" तळमजल्यावर पशुखाद्याचं दुकान होतं. सरकीच्या पेंडीचा वास जिन्यातून वर यायचा आणि मला गोठा आठवायचा. मी जनावरांचा सरकारी डॉक्टर. नेमणूक लातूर जिल्ह्यात रेणापूरला; बायको नांदेडला शाळेत शिकवते म्हणून घर नांदेडला. पेंड, शेण, ओला कडबा यांचा वास म्हणजे माझी नोकरी. ती नोकरी आता आपल्याच्यानं होणार नाही, अशी तेव्हा माझी जवळजवळ खात्री झाली होती.

झालं होतं असं. रेणापूरजवळच्या एका गावात गाय अडली होती. माझा हात खांद्यापर्यंत आत, वासराचा पाय बोटांना लागलेला, तेवढ्यात कळ आली आणि गाय खाली बसली. नुसती बसली नाही, कुशीवर कलंडली. हात आत दाबला गेलेला, पाय शेणावरून घसरलेले, आणि मधल्या मधे माझी कंबर पिळली गेली. मी ओरडलो ते शेजारच्या वस्तीवर ऐकू गेलं म्हणतात. त्यानंतर बराच वेळ गाय आणि मी शेजारी शेजारी आडवे होतो आणि आधी कुणाकडे बघावं, हे त्या घरच्या लोकांना सुचत नव्हतं. लातूरहून दुसरे डॉक्टर आले आणि त्यांनी गाय मोकळी केली. मला टेम्पोत गादी टाकून लातूरला नेलं.

तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "मणक्यातली गादी सरकलीय. ऑपरेशन लागणार नाही. काही दिवस वाकू नका, वजन उचलू नका. मग हळूहळू कामाला लागा." यातलं 'वाकू नका' तेवढं मी काळजात कोरून घेतलं. पुढचं मी ऐकलं नाही. चांगल्या माणसानं सांगितलेलं काही दिवसांचं पथ्य मी वर्ष उलटून गेलं तरी पाळत होतो.

भीतीनं माणूस किती हुशार होतो, हे मला त्या वर्षात कळलं. दात घासताना बेसिनवर वाकावं लागू नये म्हणून मी मोरीत उभा राहून थुंकायचो. आंघोळीत साबण हातातून सटकला की आंघोळ तिथंच संपायची. शिंक येणार असं वाटलं की दोन्ही हातांनी भिंत धरायचो आणि घरातली माणसं हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत थांबायची. कमरेला पट्टा झोपताना सोडला तर कायम. बुटांच्या नाड्या बायको बांधायची. सुरुवातीला ती बांधताना काहीबाही बोलायची, पुढं गप्प बांधायला लागली. तिच्या त्या गप्प बसण्याची मला कमरेपेक्षा जास्त धास्ती वाटायची.

आईचं वेगळंच चाललं होतं. ती हदगाव तालुक्यात आमच्या गावी राहते. तिच्या मते या दुखण्यावर इलाज एकच: पायाळू माणूस. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी आले ते माणूस. उसण भरली, पाठीत चमक भरली की अशा माणसानं पाठीला पाय लावायचा आणि दुखणं पळायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, मूल पायाकडून आहे असं दिसलं की डॉक्टर पोट कापून काढतात, म्हणून पायाळू माणसं मिळेनाशी झालीत, अशी आईची तक्रार होती. फोनवर दर वेळी तेच. "सापडला का रं कुणी?" मी जनावरांचा का होईना, डॉक्टर. मला याचा राग यायचा. पण खरं सांगायचं तर त्या वर्षात कुणी दारात येऊन "मी पायाळू आहे" म्हणालं असतं, तर मी मुकाट्यानं पालथा झोपलो असतो.

पायाळूऐवजी मॅडम सापडल्या. मॅडम तेव्हा साठीच्या आसपास होत्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्या अहो-जाहो करायच्या आणि मधल्या सगळ्यांना अरे-तुरे, मग तो मोठा साहेब असो की हमाल. पेशंटनं आणलेल्या फोटोंची पिशवी त्या न उघडता कपाटावर ठेवायच्या. "फोटो पळून जात न्हाई. आधी माणूस बघू." मग भर दवाखान्यात, चार बायका बाकावर बसलेल्या असताना, मोठ्यांदा विचारायच्या, "पायात मुंग्या येतात? पाय लुळा पडल्यावानी वाटतो? संडास, लघवी समजती का?" हे प्रश्न त्या कधी चुकवत नसत. उत्तरात काही खटकलं तर त्याच पावली मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या, तिथं थट्टा-मस्करी नाही. उत्तरं बरोबर आली की मात्र त्यांचा चेहरा सैल व्हायचा आणि त्यांचं ते वाक्य यायचं, "काय होत न्हाई."

या "काय होत न्हाई"चा मला मनस्वी संताप यायचा. माझी गादी सरकलेली, माझं आयुष्य थांबलेलं, आणि ही बाई म्हणते काय होत नाही! पट्टा काढ म्हणाल्या. मी म्हणालो, काढल्यावर काही झालं तर? "तो बघ खिळा. तिथं लटकव. परत लागला तर विचारू नको, घेऊन जा." भिंतीवर ओळीनं खिळे होते आणि त्यांवर लोकांचे पट्टे लटकत होते. मी माझा लटकवला आणि व्यायाम करताना सारखा तिकडे बघत राहिलो. पहिल्या आठवड्यात दोनदा तो काढून घरी नेला. मॅडमनी ते बघितलं.

त्यांच्याकडे मशीन एकच होतं आणि त्यावर धुतलेले टॉवेल वाळत असायचे. बाकी सगळी घरातली हत्यारं. पाट, बादली, घागर, आणि ज्वारी भरून शिवलेली लहानमोठी पोती. ज्याचं जे काम, ते त्यानं तिथं करून दाखवायचं. भाकरी करणारीनं खाली बसून पीठ मळायचं, हमालानं पोतं उचलायचं. पहिल्या दिवशी रिकामी बादली. मग बादलीत एक तांब्या पाणी. माझी रिकाम्या बादलीशीच गाडी अडली होती. वाकायला गेलो की मी अर्ध्यातून सरळ व्हायचो. "दुखलं का?" मॅडम विचारायच्या. "नाही. दुखेल असं वाटलं." "मग दुखल्यावर थांब की." हे बोलणं सोपं असतं.

असं चाललेलं असताना एक दिवस आई माझ्यासोबत आली. मी टेबलावर पालथा पडलो होतो, मॅडम पाठ दाबून बघत होत्या आणि आई शेजारी स्टुलावर बसून, बायका जशा सुरू करतात तशी, गावाकडची चौकशी करत होती. तुमचं गाव कोणतं? मॅडमनी गाव सांगितलं. ते आईचं माहेर निघालं. आई खुलली. "कुणाच्या वो तुमी?" मॅडमनी वडिलांचं नाव सांगितलं. आईनं स्टूल पुढं ओढलं. मला खाली मान घातलेल्या स्थितीत फक्त तिची पावलं दिसत होती.

"म्हंजी तू ती... पायाळू पोर का काय?"

"हाव," मॅडम म्हणाल्या. "तीच मी."

आई उठली. तिनं हात जोडले असणार, बांगड्यांचा आवाज आला. "बाई, एक डाव पाय लाव माझ्या लेकराला. लई बेजार झालंय गं. तुझे पाय धरते."

मला तिथल्या तिथं मरून जावंसं वाटलं. झटक्यात उठून आईला बाहेर न्यावं म्हटलं तर झटक्यात उठणं हेच मला येत नव्हतं. बाकावरच्या बायका कान टवकारून बसल्या होत्या. मॅडमनी माझ्या पाठीवरचा हात काढला.

"आई, बसा," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "मी सहा-सात वरसांची असंन. तुमच्या गल्लीतून पहाटं माणूस यायचा बोलवायला. आमची माय मला झोपंतून उठवायची, पाय धुवायची, पाठवून द्यायची. अंगणात घोंगडीवर कुणीतरी पालथं पडलेलं असायचं. मी पाय ठेवला की घरातल्या बाया म्हणायच्या, उतरलं, उतरलं. आमाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते. पाण्याच्या भांड्याला हात लावला असता तर मार बसला असता. पण पाय चालायचा, आई. पाय चालायचा, हात चालत नव्हता."

 खाली रस्त्यावर एक ट्रक मागं घेत होते, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"परत येताना गुळाचा खडा मिळायचा," मॅडम म्हणाल्या. "ओंजळीत. वरून."

"गूळ द्यायचं काम माझ्याकडं असायचं," आई म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही. "लगीन व्हायच्या आदी. मीच टाकला असंल."

"असंल," मॅडम म्हणाल्या. त्यात राग नव्हता आणि जाऊ द्या असंही नव्हतं. मग त्या उठल्या. "पाय लावायचं मी कवाच सोडलं. त्यासाठी शिकून आले. आता हात लावते. तुमीबी इकडं या. द्या हात."

आईचा हात माझ्या पाठीवर आला आणि त्यावर मॅडमचा. "कसं लागतंय?"

"धोंड्यावानी."

"गादी सरकल्यानं असं होत न्हाई. हे लेकरू वरीसभर दम धरून बसलंय. भ्यायलंय."

मी लहान असल्यापासून आईनं माझ्या पाठीवर असा हात ठेवला नव्हता. माझे डोळे भरून आले. तोंड खाली होतं म्हणून बरं. जाताना आईनं पाणी मागितलं. गावात आजही कुणाच्या घरचं पाणी घ्यायच्या आधी आडनाव विचारणारी आमची आई. मॅडमनी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं. "घ्या की. वाकून घ्या, काय होत न्हाई." आईनं घेतलं आणि सगळा तांब्या संपवला.

गावी जाऊन तिनं काय सांगितलं कोण जाणे. पण पुढच्या आठवड्यापासून हदगावच्या बसनं माणसं यायला लागली. कुणी जिन्यातूनच पाठ उघडी करून, "मॅडम, एक लाथ घाला फक्त." मॅडम भयंकर भडकायच्या. माझ्याकडे बघून, "तुझ्या मायनं माझा धंदा बसवला," म्हणायच्या. मग त्यांनी तोड काढली. "घालते लाथ. आधी हे पोतं त्या भिंतीपासून ह्या भिंतीपर्यंत ने." पोतं नेल्यावर लाथेची गरज कुणाला राहिली नाही, असं लिहिता आलं असतं तर छान वाटलं असतं. बरेच जण रागावून परत गेले. काही थांबले.

पायाळू माणसावर वीज पडते, अशीही समजूत आहे. मॅडमच्या लहानपणी ढग वाजायला लागले की त्यांची माय त्यांना घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवून अंगावर गोधडी टाकायची. दवाखान्यात मात्र आभाळ वाजायला लागलं की मॅडम हातातला पेशंट सोडून खिडकी उघडायच्या आणि समोर उभ्या राहायच्या. आम्हाला वाटायचं, काय बिनधास्त बाई आहे. एकदा मी जवळ होतो, तेव्हा बघितलं. त्यांनी खिडकीचा गज असा आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मी विचारलं, "मॅडम, भीती वाटते?" त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "वाटती की. तर काय!" आणि गडगडाट थांबेपर्यंत तिथंच राहिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ही बाई माझ्याशी खोटं बोलत नसावी.

मी पाण्याची भरली बादली उचलायला लागलो, विष्णुपुरीच्या धरणापर्यंत चालत जाऊन यायला लागलो, नाड्या स्वतः बांधायला लागलो. बायकोनं ते बघितलं आणि ती उगाचच स्वयंपाकघरात निघून गेली. मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, "आता तुझं काम दाखव."

"इथं गाय कुठून आणू?"

"मी हाय की."

आणि खरंच, त्यांनी दोन खोल्यांच्या मधल्या दाराला पडदा लावला, पडद्यातून एक जाड दोर काढला, पलीकडे स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घाल हात. ओढ." मी दोराला धरून ओढायला लागलो. "गाय काय करती मग?" पडद्याआडून आवाज. मी सांगितलं, कळ येते, हात दाबून धरते, कधी एकदम बसते. "अशी?" म्हणाल्या आणि दोर घेऊन धपकन खाली बसल्या. माझा हात खेचला गेला, मी तसाच ताठ उभा राहायला गेलो आणि भीतीनं ओरडलो. पडदा बाजूला झाला.

"येडा हायस का? जनावर बसलं तर तू उभा कशाला? तूबी बस. त्याच्यासंगट खाली जा. पडून ऱ्हा शेणात. शेणाचं काय एवढं?"

पुढचे कितीतरी दिवस मॅडम पडद्याआड गाय झाल्या. कधी बसायच्या, कधी ओढायच्या, कधी काहीच करायच्या नाहीत आणि मी ताटकळायचो. बाकावरची माणसं आम्हाला सल्ले द्यायची. रिटायर झालेला एक कंडक्टर तर मॅडमना हंबरायलाही सांगायचा. आणि हे सगळं हसण्यावारी नेता नेता मी जमिनीवर धडाधड पडायला आणि उठायला शिकलो होतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

एव्हाना आजारपणाची लांब रजा संपून मी लातूरच्या जिल्हा कार्यालयात टेबलावर बसत होतो. लसींचा साठा, अहवाल, बैठका. शनिवार-रविवारी नांदेड आणि मॅडम. टेबल सुखाचं होतं, पंखा डोक्यावर होता. एकदा साहेबांनी बोलावून सांगितलं, "रेणापूरला माणूस द्यायचाय. तुम्ही जाता की दुसरा देऊ? तुम्हाला हे टेबल कायमचं हवं असेल तर जड काम झेपत नाही असं सर्टिफिकेट आणा. महिनाअखेरपर्यंत सांगा." बायको म्हणाली, घ्या टेबल. आई म्हणाली, घे. मलाही तेच हवं होतं असं मी स्वतःला सांगत होतो. आणि रोज ऑफिसात शिरताना वाटायचं, आपण आता जनावराला परत हात लावणार नाही. पंधरा वर्षं ज्याच्यावर मी माणूस म्हणून उभा होतो ते काम माझ्या हातून जाणार, या विचारानं जेवण जायचं नाही. आणि परत गोठ्यात उभं राहायचं म्हटलं तरी जेवण जायचं नाही.

मी मॅडमकडे सर्टिफिकेट मागायला गेलो. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं.

"काय लिहू? गाईला भ्यायलोय, असं लिहू?"

"मॅडम, थट्टा नको. माझी कंबर..."

"कंबर चांगली हाय तुझी. माझ्यापेक्षा चांगली हाय. भीती हाय, ती मला दिसायलीय. पण भीतीचं सर्टिफिकेट माझ्याकडं न्हाई." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "टेबल पायजे तर घे. त्यात कमीपणा न्हाई. पण कंबरंचं नाव लावू नको."

मी चिडून निघालो. जिन्यात त्या पेंडीच्या वासात बराच वेळ उभा होतो. सोमवारी मी साहेबांना सांगितलं, रेणापूरला जातो.

पहिले काही आठवडे नशिबानं लसीकरण आणि किरकोळ दुखणी. गावोगाव लोक माझ्या चालण्याकडे बघायचे. मग एका दुपारी फोन आला. देवणी जातीची गाय, पहिलं वेत, सकाळपासून अडलीय. मी मोटारसायकल काढली. वाटेत दोनदा मनात आलं की लातूरहून दुसऱ्या कुणाला बोलवावं. गोठ्याच्या दारात गायीची मालकीण उभी होती, चाळिशीची बाई. मला बघून म्हणाली, "आलात व्हय. मला वाटलं तुमी काय येत न्हाई. तुमच्या कमरंचं समद्यांना मालूम हाय."

हात आत घातला. वासराचे पुढचे पाय वाटेत होते आणि मान मागं वळलेली. आधी त्याला मागं ढकलायचं, मग तोंड धरून मान सरळ करायची. बोटं नाकापर्यंत पोचली आणि कळ आली. हात कळवळला. गायीचे मागचे पाय लटपटले. मला ते कळलं. तिला कळायच्या आधी कळलं. त्या एका क्षणात मागचं सगळं वर्ष माझ्या डोळ्यांसमोर आलं, मोरी, साबण, नाड्या. आणि गाय बसली.

मीही बसलो. गुडघे, मांडी, खांदा, सगळा शेणात, हात आतच. तिच्यामागं कुशीवर पडलेलो. मालकीण ओरडली, "आरं देवा, डॉक्टर गेले!" मी म्हणालो, "इथंच आहे. कुणी ओढू नका मला." तसंच पडून मी वासराचं तोंड हातात धरलं आणि हळूहळू मान वळवली. मग दोर, मग ओढणं. वासरू बाहेर आलं तेव्हा मेलंय असंच वाटलं. नाकातोंडातलं पुसलं, काडी नाकात फिरवली, त्याला शिंक आली. मी उठलो. उभा राहिलो आणि काही होतंय का ते बघत राहिलो. काही होत नव्हतं. माझा यावर विश्वास बसेना. इंजेक्शन दिलं आणि काही व्हायच्या आत रेणापूरच्या खोलीवर जाऊन पडावं म्हणून घाईघाईनं निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती दुखण्यानंच. कंबर ठणकत होती. तीच जागा.  पडल्या पडल्या मनात सगळं होऊन गेलं. परत टेम्पो, परत पट्टा, बायकोचं परत गप्प होणं. उशाचा फोन घेऊन मी मॅडमना लावला. "मॅडम, परत सुरू झालं." आवाज रडका होता, लपवला नाही.

"पायात मुंग्या?"

"नाहीत."

"लघवी झाली? समजली?"

"हो."

"काय केलतंस काल?"

मी सगळं सांगितलं. भराभर, गायीचं बसणं, माझं पडणं, वासरू. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. माझं संपलं तेव्हा म्हणाल्या, "वार पडली का गाईची?"

 गाय व्यायली की काही तासांत वार, म्हणजे वासराभोवतीची आतली पिशवी, पडून जावी लागते. नाही पडली तर आत सडते, ताप येतो, गाय जाते. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे माहीत असतं. मी रात्री फोन करून विचारलं नव्हतं. रात्रभर मी फक्त माझी कंबर तपासत होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"माहीत न्हाई? आन् तू झोपून ऱ्हायलास?" आणि त्यांनी फोन ठेवला.

मी कुशीवर वळलो, पाय खाली सोडले, उठलो. ठणका तसाच होता. मोटारसायकलला किक मारताना एक शिवी तोंडात आली, ती मॅडमना की कमरेला ते सांगता येत नाही. गोठ्यात गेलो तर वार लोंबत होती आणि गायीनं चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. ताप बघितला. हातमोजा चढवून हात आत घातला. हलक्या हातानं ओढून बघितलं, सुटत होती, थोडं थोडं करत सगळी सुटली. औषध आत ठेवलं, इंजेक्शन दिलं. वासराला आईच्या सडाला लावलं. त्याला सड सापडत नव्हता, त्याचं तोंड धरून बसावं लागलं. उन्हं चांगली वर आली.

मालकिणीनं गरम पाण्याची बादली आणून ठेवली. "आलाच हाव तर आमची कालवड बी बघा," ती म्हणाली. "कालपासून लंगडायलीय." मग तिला आठवलं. "आन् कंबर वो तुमची? काल लई वेळ खाली पडून व्हता."

"दुखायलीय," मी म्हणालो. "कालवड कुठं बांधलीय?"

तिनं घरामागं बोट दाखवलं. मी हात धुतले, खाली ठेवलेली बॅग उचलली आणि तिच्या मागं निघालो.